आता सही कुठं करू?

अभिनंदन! हवाई दलात वीस वर्षं झाली, डिस्चार्ज बुक हातात आलं, मेसमध्ये हार-नारळ झाला आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी तुम्ही ‘माजी’ झालात. शाळेतले दोस्त अजून गृहकर्जाचे निम्मे हप्ते फेडताहेत, तुमची पेन्शन सुरूसुद्धा झाली. (मिग-21 हे लढाऊ विमान 1963 ला आलं आणि 2025 ला गेलं. बासष्ट वर्षांत त्याला कुणी ‘आता पुढे काय?’ असं विचारलं नाही.) बेळगावच्या सांबऱ्याला परेड, बंगळुरूच्या जालहळ्ळीला ट्रेड ट्रेनिंग आणि मग लढाऊ विमानाच्या पोटात डोकं घालून रेडिओ, रडार, आयएफएफ (समोरचं विमान आपलं की शत्रूचं ते ओळखणारं यंत्र). हे सगळं घेऊन आता सिव्हिलमध्ये जायचंय. घाबरू नका. या ज्ञानाचा कुणालाही उपयोग होऊ नये याची व्यवस्था लोकांनी आधीच करून ठेवली आहे. तुम्ही फक्त सहकार्य करायचं.

सुरुवात गावापासून करा. पारावर पहिला प्रश्न येतो, “इमान चालवायचास व्हय?” नाही म्हटलं की लगेच दुसरा, “मग काय करायचास?” आपल्याकडे हवाई दलात दोनच माणसं असतात, एक वर उडणारा आणि एक गेटवर उभा राहणारा. एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स, काय असतं हे समजावायला जाल तर पाच मिनिटं ऐकून मामा निकाल देतील, “म्हंजे वायरमन.” मान्य करून टाका. मामा फारसे चुकलेले नाहीत. तुम्ही 115 व्होल्ट, 400 हर्ट्झचे वायरमन, गावातला बाळू 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा. बाळूची पक्कड कुणाच्या माळ्यावर राहिली तर तो दिवाळीत नवी घेतो. तुमचा एक स्क्रू ड्रायव्हर बोर्डवरच्या आपल्या जागी परतला नाही, तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही आणि अख्खी शिफ्ट गुडघ्यावर बसून हँगरची फरशी चाचपायची. मात्र बाळूला बारा महिने काम आहे.

आता रेझ्युमे. यात काहीही लिहू नका. तसंही लिहिता येत नाही, कारण डोक्यावर 1923 चा शासकीय गुपिते कायदा आहे. मुलाखत साधारण अशी होईल.

“सर, कुठल्या सिस्टिम्सवर काम केलंत?”

“रडार, मॅडम.”

“कोणतं?”

“ते सांगता येणार नाही.”

“बरं, काय काय बिघाड दुरुस्त केलेत?”

“तेही नाही सांगता येणार.”

मॅडम सव्वीस वर्षांच्या, हुशार. समोरच्या कागदावर त्या लिहितात, ‘अनुभव अस्पष्ट’. कुठली फ्रिक्वेन्सी ते न सांगताही, सर्किट आकृतीवरून बिघाड कसा शोधायचा, रात्रपाळीकडून काम कसं ताब्यात घ्यायचं, सहा पोरांच्या कामाची जबाबदारी अंगावर घेणं म्हणजे काय, हे बोलता आलं असतं. पण ते तुम्हाला सुचता कामा नये. तुम्ही लिहायचं ‘शिस्तप्रिय, वक्तशीर, मेहनती’. शिस्तप्रिय म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे शिट्टी येते आणि तुमची फाइल आपोआप सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात जाते.

सिक्युरिटीला नाकं मुरडू नका, मान आहे त्यात. पुण्यात विमाननगरला एखाद्या सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर म्हणून उभे राहा. जागेचं नावच विमाननगर, आणखी काय पाहिजे? शेजारी लोहगाव, तिथं 1997 साली देशातली पहिली सुखोई-30 आली. सकाळी दहाला दोन डोक्यावरून जातील. तुमची मान आपोआप वर होईल आणि आवाजावरून कळेल की आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लागला. तेवढ्यात जेवणाची पिशवी घेतलेला मुलगा म्हणेल, “काका, बी विंग कुठंय?” वहीत नोंद करा, वेळ टाका, त्याची सही घ्या. सही घेण्याचा अनुभव तुम्हाला आहेच.

खरं तर तुमच्याकडची सगळ्यात महागडी चीज म्हणजे सही. हत्यारं हवाई दलाची, विमान हवाई दलाचं, डांगरीसुद्धा त्यांचीच. सही तेवढी तुमची. पंजाबातल्या हलवाऱ्याचा जानेवारी, पहाटेचे अडीच, वायरी जोडायच्या कॅनन प्लगचा दंडगोल इतका गार की बोटाची साल चिकटावी. बॉक्स बसवला, लॉकिंग वायर घातली, टेस्ट घेतली, हत्यारं मोजली आणि फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केली. पहाटे विशी-पंचविशीतला पायलट येतो, तुमच्या सहीकडे बघतो, खाली आपली करतो आणि शिडी चढतो. तुम्हाला एक प्रश्न विचारत नाही. ते विमान परत टेकेपर्यंत चहाला चव नसते. असल्या किती हजार सह्या केल्या ते तुम्हीही मोजलं नसेल. बाहेर आल्यावर तीच सही बँकेच्या खिडकीतून परत येईल. नमुन्याशी जुळत नाही म्हणून.

बँकेवरून आठवलं. बँकेत भरती व्हा! तुमच्या आधीचे कितीतरी सार्जंट तिथंच आहेत. दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकार गट ‘क’च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरतं. कशातला पदवीधर, हे ते विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. राज्य सरकारच्या कारकुनीत रस असेल तर एमएस-सीआयटी करून घ्या. लढाऊ विमानाचा मिशन कॉम्प्युटर काढून-लावून झाला असेल, पण वर्डमध्ये समास कसा बदलतात ते येतं का? बघा, शिकायला किती बाकी आहे! बँकेत तुम्हाला पासबुक छापायच्या प्रिंटरशेजारी बसवतील. तो अडकला की मेकॅनिक येईपर्यंत वाट बघायची. आपण हात लावायचा नाही, वॉरंटी जाते.

एवढं होऊनही विमानाचाच हट्ट असेल तर नागरी विमानांकडे वळा. तिथं सही करायला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो. नियमाचं नाव सीएआर-66, तुमचा वर्ग बी2, म्हणजे एव्हिऑनिक्स. पेपरागणिक 75 टक्क्यांना पास. नियम उदार आहेत, लष्करी विमानांवरचा अनुभव चालतो. फक्त नागरी वातावरणाची समज यावी म्हणून वर नागरी विमानांवरचाही थोडा अनुभव हवा. तो मिळवायला नोकरी पाहिजे, आणि नोकरी मागायला गेलं की म्हणतात, परवाना असता तर बरं झालं असतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

पेपरांत मॉड्यूल नऊ आहे, मानवी घटक. झोप अपुरी झाली की माणूस चुका करतो, हे तुम्ही त्यात पहिल्यांदा वाचाल. हलवाऱ्याला कुणी बोललं नव्हतं. काही शहाणे हे पेपर नोकरीत असतानाच, सतराव्या-अठराव्या वर्षीच एकेक करून उरकतात. मेसचं जेवण, डोक्यावर छप्पर, संध्याकाळ मोकळी. अशा माणसांपासून लांब राहा. ती वर्षं क्वार्टरच्या मागं वांगी लावायची आणि प्लॉटचे भाव विचारत फिरायची असतात.

तांत्रिक फरक म्हणाल तर फार नाही. तुमच्या विमानात डेटाची वाहतूक 1553बी बसवर, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या सामाईक तारेवर, चालायची. एका तारेवर सगळे बसलेले, आणि त्या तारेचा मुकादम, बस कंट्रोलर, त्याने विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. प्रवासी विमानात अरिंक 429 ही पद्धत भेटेल. तिथं एकच जण बोलतो, वीसपर्यंत जण ऐकतात, आणि ऐकणाऱ्याला त्याच तारेवरून उलट बोलायची सोयच ठेवलेली नाही. पहिली पद्धत हवाई दलाची, दुसरी कंपनीतल्या सोमवारच्या मीटिंगची. म्हणजे बाहेरच्या जगाची ओळख तुम्हाला वायरिंगमधूनच होऊन जाते.

आता काही ठिकाणं सांगतो, तिथं चुकूनही अर्ज करायचा नाही. नवी मुंबईतल्या ऐरोलीची डेटा सेंटर्स. चोवीस तास यंत्रं चालू ठेवायची, प्रत्येक केबलला टॅग, प्रत्येक शिफ्टला लॉगबुक, न विचारता एक स्विच खाली केला तर गहजब. हे आपलं काम नव्हे. मेट्रोचं सिग्नलिंगही सोडा, तिथंही एका बॉक्सवर शेकडो माणसांचा जीव असतो, आणि जिवाची जबाबदारी आपण कधी घेतलीय? इस्पितळांतल्या सीटी स्कॅनची दुरुस्ती करणाऱ्या इंजिनीअरला सर्किट आकृती वाचता यावी लागते म्हणे. आणि नागपूरच्या मिहानला विमानांची देखभाल चालते, नाशिकजवळ ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएलचा कारखाना आहे. पण सासुरवाडी सांगलीला असताना एवढ्या लांब कोण जाणार? अरुणाचलला तीन वर्षं काढली ती गोष्ट वेगळी. ती पोस्टिंग होती.

या सगळ्यातून नीट पार पडलात की नोव्हेंबर येईल, हयातीचा दाखला द्यायचा महिना. गावातल्या ई-सेवा केंद्रात रांगेत उभे राहा. तुमचा नंबर आला की पोरगा छोटा स्कॅनर पुढं सरकवेल. तुम्ही सवयीने खिशातलं पेन काढाल.

“सही नको काका, अंगठा लावा.”

अंगठा लावाल. यंत्र म्हणेल, पुन्हा प्रयत्न करा. लॉकिंग वायरनं आणि सोल्डरिंगनं वीस वर्षं घासलेल्या बोटांवर रेघा उरल्यात कुठं? दुसरं बोट, तिसरं बोट, मग डावा हात. रांगेतून कुणीतरी ओरडेल. पोरगा म्हणेल, “काका, तुमचं बोटच खराब आहे.”

तुम्ही मात्र बोटाकडे बघत नसाल. स्कॅनरचा दिवा मधूनच फडफडतोय हे तुम्हाला केव्हाच दिसलेलं असेल. वायर धराल, पिन बाहेर काढाल, फुंकर माराल, रुमालाच्या टोकाने पुसाल, पुन्हा बसवाल आणि हलकेच ओढून पाहाल, घट्ट बसलीय ना. दिवा स्थिर होईल. अंगठा लावाल आणि पडद्यावर हिरवी खूण येईल. तुम्ही जिवंत आहात.

पोरगा खूश होऊन विचारेल, “काका, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं का तुमचं?”

हो म्हणा. रांग मोठी आहे.