सात दिवसांत चार पार्क, तेही मार्चमध्ये!

आज सकाळी ग्रुपवर स्प्रिंग ब्रेकच्या (इथल्या शाळांची वसंतातली सुट्टी) आरव्ही ट्रिपचा 'फायनल प्लॅन' येऊन पडला. आरव्ही म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, चाकांवरचं घर. मार्चचा शेवटचा आठवडा. सॉल्ट लेकहून निघायचं, ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर ही अमेरिकेतली तीन नॅशनल पार्क आणि येताना 'जमलं तर' अजून एक. दोन आरव्ही, चार कुटुंबं, शिवाय दोघांकडचे आईवडील, नुकतेच पुण्याहून आलेले. खाली अंगठ्यांची रांग. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबांनो, रस्ता उघडा आहे का?

मी विचारलं. उत्तर आलं, "अगं चिल! घरच सोबत आहे. अडकलो तर तिथेच झोपू."

तेव्हापासून डोकं फिरलंय. ग्रुपवर लिहिलं की 'ताईंनी क्लास घेतला' म्हणतात, म्हणून इथे लिहितेय.

तर, टीटनजवळच्या जॅक्सन गावातून सरळ वर यलोस्टोनच्या दक्षिण गेटने आत शिरायचं, असं प्लॅनमध्ये आहे. ते गेट गाड्यांसाठी मे महिन्यात उघडतं. पश्चिमेचं एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी. प्लॅनप्रमाणे वेस्ट यलोस्टोनला, म्हणजे पश्चिम गेटबाहेरच्या गावात मुक्काम आणि सकाळी पार्कच्या आतल्या रस्त्याने मॅमथमार्गे उत्तर गेटवरचं गार्डिनर, '५४ मैल, आरामात'. त्या रस्त्यावर मार्चअखेर फार तर सायकलवाल्यांना सोडतात, तेही बर्फ काढून झाला असेल तर. गाडीने जायचं म्हणजे बोझमन, लिव्हिंग्स्टन, गार्डिनर असा १७० मैलांच्या आसपासचा वळसा. आणि ग्लेशियरचा तो 'गोइंग-टू-द-सन' रस्ता, ज्याचा फोटो प्लॅनच्या वर डकवलाय? लोगन पासपर्यंतचा बर्फ काढता काढता जूनची अखेर येते, कधी जुलै. बरं, जुलैत गेलात तरी त्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत. तुम्ही बुक केलीय २५ फुटी.

हे सगळं पार्कच्या साइटवर लिहिलेलं आहे हो! मी काही गुप्त माहिती फोडत नाहीये.

'घर सोबत आहे' या वाक्याचा मला जास्त राग आला, कारण त्या घरात मी आईला घेऊन राहिलेय. काही वर्षांपूर्वी, एप्रिलच्या सुरुवातीला. आईची सगळी नोकरी एसटीच्या सातारा डेपोत गेली, त्यामुळे कुठेही निघायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न 'काय बघायचं' हा नसतो. ती विचारते, हा रस्ता पुढे कुठे निघतो? तिला सांगितलं, की उत्तरेच्या गेटने आत जायचं, मॅमथ, टॉवर, लामार व्हॅली, शेवटी कुक सिटी. यलोस्टोनमधला तेवढाच रस्ता गाड्यांसाठी बारा महिने उघडा असतो. कुक सिटीच्या पुढे हिवाळाभर बर्फ, वाट बंद, आल्या वाटेने परत. आई म्हणाली, "बरं झालं. पुढेच जायचं नाही तर घाई कसली?"

माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळी पोस्ट याच वाक्याची भर.

तर ते घर. हिवाळ्यात आरव्हीच्या नळांतलं पाणी काढून टाकतात आणि पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ भरतात, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. आम्हाला गाडी तशीच मिळाली. चावी देणाऱ्या पोराने घाईघाईत सगळं दाखवलं आणि जाता जाता म्हणाला, रात्री थंडी असेल तर नळ वापरूच नका. म्हणजे बेसिन शोभेला, शॉवर शोभेला. प्यायला-स्वयंपाकाला दुकानातून आणलेले पाण्याचे कॅन, संडासात ओतायला पुन्हा तेच गुलाबी अँटिफ्रीझ. मी वैतागले होते. आई मजेत. पहिल्याच संध्याकाळी तिने कॅनमधलं पाणी पातेल्यात काढलं, वर ताटली ठेवली, ओगराळं अडकवलं आणि पाण्याचा प्रश्न मिटला.

हीटरचं वेगळंच. लोकांना वाटतं प्रोपेनची टाकी भरली की रात्र निभावली. अहो, जळतो प्रोपेन, पण गरम हवा ढकलणारा पंखा चालतो बॅटरीवर. मॅमथच्या कॅम्पग्राउंडवर विजेचं कनेक्शन नाही आणि रात्री जनरेटर लावायला परवानगी नाही. पहाटे बॅटरी बसली की गॅस असून घर गार. आम्ही हे आधी वाचलं होतं म्हणून दिवसा बॅटरी भरून घेतली आणि झोपताना हीटर कमीवर ठेवला. आई स्वेटर, शाल, कानटोपी आणि माझी स्कीची पँट घालून झोपली. सकाळी दाराबाहेरच्या पत्र्याच्या पायरीवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, डोळ्यांना दिसतही नव्हता. तिने आधी पाय टाकला नाही, वाकून हात फिरवून बघितला, मग आतून जुना टॉवेल आणून अंथरला. पुण्याहून आलेल्या काकूंना रात्री दोन वाजता त्या पायरीवरून कोण उतरवणार आहे? प्लॅनमध्ये तो रकाना दिसला नाही मला.

आणि वारा. लिव्हिंग्स्टनचा वारा तिकडे प्रसिद्ध आहे. फार सुटला की उंच गाड्यांना हायवेवरून खाली उतरवून गावातून काढतात. आरव्ही म्हणजे उंच गाडीच. त्या दिवशी नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि मागे कपाटातली भांडी वाजतायत. आई एवढंच म्हणाली, "सावकाश. लेट झाली तरी गाडी डेपोत पोचली पाहिजे."

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास तर जायचंच कशाला? म्हटलंच आहे, ग्रुपवर दुसरी पार्टी तीच आहे. 'एप्रिलमध्ये काही नसतं, सगळं बंद, पैसे पाण्यात, जूनमध्ये जा.' यांच्यावर तर मी जास्तच चिडलेय.

काही नसतं? मार्चमध्ये अस्वलं बिळांतून बाहेर पडायला लागतात. एप्रिलच्या उत्तरार्धात बायसनची पिल्लं जन्मायला लागतात, नारिंगी-तांबडी, आईच्या रंगाशी काही संबंध नाही. लामारमध्ये पांढऱ्या उतारावर लांडगा उन्हाळ्यापेक्षा कितीतरी सोपा दिसतो. या पार्कातले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते. १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. त्यांना बघायला लोक भल्या पहाटे रस्त्याकडेला दुर्बिणी लावून उभे असतात, आणि इतके सज्जन लोक मी क्वचित पाहिलेत. आईची उंची पाहून एका आजोबांनी न सांगता तिपाई खाली केली. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी मागून 'दिसला का, दिसला का' करतेय. शेवटी म्हणाली, "गप गं. बसलाय तो. उठू दे."

जूनमध्ये त्याच रस्त्यावर बायसन आडवा आला की गाड्यांची ही लांब रांग लागते. आम्ही होतो तेव्हा एक बायसन कॅम्पग्राउंडमध्येच आला आणि आमच्या जागेच्या नंबराच्या खांबाला अंग घासत राहिला. हिवाळ्याची लोकर झुपक्याझुपक्याने सुटत होती, खांबाला अडकत होती. आई खिडकीशी, हातात स्टीलचा पेला. "केवढा हा गवा!" चहा गार झाला तरी प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि आम्ही हललोच नाही. पिठलं-भात, पाच-तीन-दोन, दुपारी झोप. बर्फ थांबल्यावर मॅमथच्या गरम झऱ्यांच्या लाकडी वाटेवर सावकाश फिरून आलो, एवढीच काय ती साइटसीइंग. परत आल्यावर एका बाईंनी आईला विचारलं, ओल्ड फेथफुल (यलोस्टोनमधलं ते प्रसिद्ध उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) पाहिलंत? नाही म्हणाली. 'अय्या, मग यलोस्टोनला जाऊन पाहिलंत काय?' त्या वाक्याने माझं आजही रक्त तापतं. महाबळेश्वरला टॅक्सीवाला दुपारपर्यंत सगळे पॉइंट उरकून देतो ना, तेच आपण इथे २५ फुटी गाडी घेऊन करायला निघालोय.

मान्य आहे, शाळेची सुट्टी आपल्याला विचारून लागत नाही. आईवडिलांचं तिकीटही जूनपर्यंत पुढे ढकलता येत नाही प्रत्येकाला. आणि खरं सांगायचं तर आईलाही तो कारंजा बघायचा होता, नंतर व्हिडिओ दोनदा लावून पाहिला तिने. ठीक आहे. पण म्हणून बंद गेटवर जाऊन आपटायचं?

एवढं लिहून राग जरा उतरलाय. प्लॅन करणारा मुलगा मनाने चांगला आहे, रात्र जागून केलाय त्याने, सगळ्यांचं खाणं-पथ्यंसुद्धा लिहून काढलीत. म्हणून ओरडण्यापेक्षा सांगते. ग्लेशियर काढून टाक. ते 'जमलं तर'वालं आधी काढ. सॉल्ट लेकहून सरळ गार्डिनर, वाटेत एक रात्र, वारा असेल तर दोन. आईवडिलांना गार्डिनरमध्ये मोटेलची खोली घे, गरम पाण्याची. आरव्ही बाकीच्यांना. तिथून रोज लामारमध्ये जा आणि परत या. २०२२ च्या पुरानंतर गार्डिनर ते मॅमथ नवा रस्ता केलाय, त्याला खडा चढ आहे, तेव्हा पहाटे बर्फ असेल तर वाहतूक सुरू होईपर्यंत थांब. टीटनचा आतला रस्ता १ मेपर्यंत गाड्यांना बंदच असतो. एप्रिलमध्ये बर्फ काढलेल्या त्या मोकळ्या रस्त्यावर लोक चालतात, मुलं सायकली चालवतात. ज्यांची सुट्टी एप्रिलमध्ये आहे त्यांनी तिकडे जावं, आम्ही येऊ सोबत.

हे पटलं नाही तरी हरकत नाही. पण वेस्ट यलोस्टोनचं बुकिंग आज रात्री बारापर्यंत पैसे न कापता रद्द होतंय, मी बघितलंय. आधी ते करा, मग मला काय बोलायचं ते बोला.