नकाशा कोणी काढला?

पुण्यात आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होऊ घातलाय. सभांमध्ये काय झालं ते मला शिकागोत फोनवर कळत असतं. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस फंड किती, भाडं किती महिने मिळणार, पार्किंग कोणाला, यावर तासन्‌तास घासाघीस चालते. नकाशा कोण काढणार हे मात्र कोणी विचारत नाही. वाद वाढला की दोन तट पडतात. एकांना ‘अमेरिकेसारखा टॉवर’ हवा असतो, दुसऱ्यांना अमेरिकेची नक्कल, काचेचे खोके नको असतात. दोघांच्याही मनात अमेरिका म्हणजे एकच काचेचं खोकं असतं, आणि मला नेमकं हेच खटकतं.

इथल्या नदीत आर्किटेक्चर दाखवणाऱ्या बोटी फिरतात. गाइड इमारत दाखवतो ती आर्किटेक्टचं नाव घेऊनच. जीन गँग यांचा 82 मजली ॲक्वा टॉवर घ्या. 2009 साली तो पूर्ण झाला. इमारत मुळात सरळसोट चौकोनी. पण प्रत्येक मजल्याची स्लॅब वेगळ्या वळणाने बाहेर काढलेली, काही ठिकाणी तर बारा फुटांपर्यंत. त्या वळणांवर वारा फुटतो, म्हणून एवढ्या उंचीवरही लोक बाल्कनीत बसू शकतात. उन्हाळ्यात खालच्या घराला सावलीही मिळते. हिवाळ्यात याच स्लॅबमधून घरातली ऊब बाहेर जाते, अशी टीकाही झाली आणि ती रास्त आहे. पण ती टीका एका ठरावीक निर्णयावर होती आणि तो निर्णय कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गँग यांचाच सेंट रेजिस टॉवर 2020 मध्ये पूर्ण झाला. मजले 101, पण 83वा मजला वारा आरपार जावा म्हणून मोकळा सोडलाय. इतक्या उंचीवरची जागा न विकता सोडायची, यामागे केवढा आग्रह लागला असेल!

‘अमेरिकन आर्किटेक्टला आपल्या हवेतलं काय कळतं?’ असं म्हणणाऱ्यांना मी अंधेरीचं उदाहरण देते. टॉड विल्यम्स आणि बिली सिएन या न्यूयॉर्कच्या जोडप्याने तिथे टीसीएससाठी बनियन पार्क हे संकुल केलं. जागेवर आधीपासून मोठाली झाडं होती. ती राखून त्यांच्यामध्ये बुटक्या इमारती बसवल्या, मध्ये अंगणं सोडली, एकीकडून दुसरीकडे जायला सावलीतल्या वाटा केल्या. हे मुंबईत झालं, आणि तेही परदेशी माणसांकडून. मग आपल्या हवेत जन्मलेल्या आर्किटेक्टकडून याहून कमी का मागायचं?

अमेरिकेत सगळं जपतात, असंही नाही. याच दोघांचं अमेरिकन फोक आर्ट म्युझियम न्यूयॉर्कमध्ये 2001 साली उघडलं. दर्शनी भागावर धातूचे 63 ओतीव पत्रे, खडबडीत, प्रकाशाबरोबर रंग बदलणारे. शेजारच्या मोमा या बड्या संग्रहालयाने 2011 मध्ये ती इमारत विकत घेतली आणि विस्तारासाठी 2014 मध्ये पाडली. अवघ्या तेरा वर्षांत! विस्ताराचं काम आर्किटेक्ट एलिझाबेथ डिलर यांच्या कार्यालयाकडे होतं. इमारत वाचवता येत नाही हा निष्कर्ष त्यांनी लोकांपुढे मांडला, समव्यावसायिकांचा रोषही पत्करला. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो. पण पाडणारे कोण, त्यांची कारणं कोणती, हे लोकांना माहीत होतं, त्यामुळे वाद मुद्द्यावर झाला.

आपल्याकडे कोनशिलेवर नारळ फोडणाऱ्यांची नावं असतात, जाहिरातीत बिल्डरचं. ज्याने आपल्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडायची हे ठरवलं, त्याची आपल्याला ओळखही नसते. म्हणून बाबांना मी एवढंच सांगितलंय, की बिल्डर ठरवण्याआधी त्याच्या आर्किटेक्टला सभेला बोलवा आणि नकाशा त्याच्याच तोंडून समजून घ्या. दुपारी हवा कुठून खेळणार, पावसाची झड कोणत्या भिंतीवर येणार, आवारातल्या दोन आंब्यांचं काय करणार, ते त्याला सगळ्यांसमोर विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.