मातीतलं घर हवंय? मग आधी मातीला सावली द्या

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, यायचाय अजून, पण "तुमची ती मातीतली खोली खरंच थंड राहते का हो?" असे फोन सुरू झालेत. राहते. फक्त लोकांना वाटतं तशी मातीत घातली की आपोआप नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

जमिनीत तीन-चार मीटर खाली गेलं की मातीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. साधारण त्या गावच्या हवेची वर्षाची सरासरी असते तेवढ्यावर ते राहतं. आपल्या नागपूरची सरासरी २७ अंशांच्या आसपास. म्हणजे माती एसी नाही, पण बाहेर ४५ असताना अशी भिंत पाठीशी मिळाली तर आणखी काय पाहिजे राजेहो!

गोम अशी, की एवढं खोल आपण जातच नाही. माझ्या काटोल रोडकडच्या शेतातली खोली अर्धवटच मातीत आहे: तीन बाजूंनी छातीएवढा मातीचा उतार, उत्तरेला दार-खिडकी. या उथळ मातीवर मे महिन्याचं ऊन थेट पडलं तर तीच तापते आणि दोन-चार आठवड्यांनी ती ऊब आत पोचवते. पहिल्या उन्हाळ्यात माझी पश्चिमेची भिंत मध्यरात्री हाताला कोमट लागायची. उतारावर गवत लावलं, वर बांबूच्या ताट्यांचा मांडव घातला, संध्याकाळी थोडं पाणी. पुढच्या मेमध्ये तीच भिंत माठासारखी. घर मातीत घालणं हे अर्धंच काम झालं.

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीचे व्हिडिओ मलाही येतात. ओपल या रत्नाच्या खाणवाल्यांनी खडकात कोरलेली घरं, बाहेर भट्टी आणि आत पंचविशीच्या खालीवर. पण तिथे वर्षाला पाऊस पडतो दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे हजार. आणि आपली ही काळी माती!

तिचा हिसका मी खाल्लाय. ठेकेदार म्हणाला, "साहेब, शेतात फुकटची माती पडून हाये, मुरूम काहून आणता?" मलाही पटलं, दोष एकट्याचा नाही. पहिल्याच पावसाळ्यात माती फुगली आणि दक्षिणेच्या भिंतीला तिरपी भेग गेली, दहाचा कलदार उभा सरकेल एवढी. मग सगळी माती उकरली. तळाशी भोकांची पाइप, तिच्याभोवती गिट्टी, वर मुरूम. वाचवले त्याच्या तिप्पट गेले.

छतावर माती टाकू का, हेही विचारतात. साधा हिशेब: दीड फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोच्या वर. आपली नेहमीची गच्ची माणसांच्या वावराचे दीडशे किलो धरून बांधतात. इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक घमेलंही नेऊ नका. आमच्या मोठेबाबांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर होतं. लाकडी सर म्हणजे तुळया, त्यावर किलच्या म्हणजे आडव्या काटक्या, वर पाला आणि मातीचा बेताचा थर. दुपारी आम्ही पोरं त्या छताखालीच लोळत पडायचो. पण ते दर उन्हाळ्याच्या शेवटी माती चोपायला शिडी लावायचे, हे विसरून चालत नाही.

खोली वापरण्याची रीतही उलटी आहे. पहाटे चारला खिडकी आणि वरचा झरोका उघडायचा, आठच्या आत सगळं बंद. पाहुणे नेमके दुपारी बाराला "हवा येऊ द्या" म्हणून खिडकी उघडतात. येते ती लू. कूलर लावलात तर झरोका उघडाच ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते.

ओलीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. जुलैची दमट हवा त्या गार भिंतींना लागली की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मेमध्ये या, खुशाल मुक्काम करा. जुलैत आलात तर तुमची गादी वरच्या साध्या घरात, माझ्या शेजारीच टाकीन.