रुग्णालय हलवताय? मग कर्मचाऱ्यांना असा आधार द्या

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. कॉलेज आलं की गावातलं रुग्णालय त्याच्याकडे जातं, तेव्हा आज ना उद्या तुमच्यावरही ही वेळ येणार. गावातलं जुनं सिव्हिल उचलायचं, बायपासपलीकडच्या नव्या इमारतीत न्यायचं, आणि हे करताना तिथल्या सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी यांचं मनोबल वगैरे सांभाळायचं. आमचं नुकतंच सांभाळून झालंय. अनुभव ताजा आहे, म्हणून या चार सूचना.

सगळ्यात आधी ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवा. ती शिफ्टिंगच्या ऐन आठवड्यातच हवी. वेळ सकाळी दहाची, म्हणजे नाईट करून आठला सुटलेल्या सिस्टरला घरी जाऊन परत येणंही जमत नाही आणि तिथे आडवं व्हायलाही जागा नसते. हजेरी सक्तीची ठेवा, नाहीतर लोक झोपून ताण घालवतात. गेल्या आठवड्यात आमच्याकडे हा सोहळा झाला. समई होती, काडेपेटी 'मेल मेडिकल' लिहिलेल्या कुठल्यातरी खोक्यात होती. साहेब अकराला आले, व्याख्याते त्यांच्यानंतर. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. शेजारच्या सिस्टरनं कोपरानं ढोसलं तेव्हा ते समस्येकडे संधी म्हणून कसं बघायचं ते सांगत होते. फोटो चांगला आलाय. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत, त्यामुळे तणावमुक्ती अगदी उठून दिसते.

स्थलांतराची तारीख वॉर्डात कळवू नका. पेपरात वाचू द्या, वाचनाची सवय राहते.

उद्घाटन आधी, पाणी नंतर.

नवी इमारत दाखवताना क्रम पाळा. आधी पालकमंत्री, मग पत्रकार, मग कंत्राटदाराचे पाहुणे. जी बाई रात्री दोन वाजता तिथे एकटीनं पेशंट सांभाळणार आहे, तिनं ती पहिल्यांदा पेशंटसोबतच बघावी. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, आग विझवायचं नळकांडं कुठे, जिन्याच्या दाराची किल्ली कुणाकडे, हे तिला गरज पडली की सापडेलच. नर्सिंग स्टेशन तर अशा कोपऱ्यात बांधा की तिथून निम्म्या खाटा दिसता कामा नयेत. सिस्टर सारख्या चालत राहतात, तब्येत चांगली राहते.

चेंजिंग रूम नकाशात जरूर दाखवा. आमच्याकडेही दाखवली होती. दारावर सध्या 'कार्यालयीन अधीक्षक' अशी पाटी आहे.

पाळणाघर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे २०१७ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. कायदा कुठे पळून जात नाही, सावकाश होऊ द्या.

आता मुख्य विषय, डेड स्टॉक, म्हणजे रजिस्टरवर नोंदलेलं वॉर्डातलं टिकाऊ सामान. कर्मचाऱ्याला आधार द्यायचा यापेक्षा भक्कम मार्ग सरकारला अजून सापडलेला नाही. वॉर्डातली प्रत्येक खाट, लॉकर, सक्शन मशीन, सलाईन स्टँड, बेडपॅन आणि आर्टरी फोरसेप इन्चार्ज सिस्टरच्या सहीनं रजिस्टरवर असतं. तिनं ते आधीच्या इन्चार्जकडून घेतलेलं, तिनं तिच्या आधीच्या. कुणी मोजून घेतलं? वॉर्डात चाळीस पेशंट असताना चादरी मोजत बसायला कुणाला वेळ होता? सही केली आणि कामाला लागल्या. मग एका सकाळी टेम्पो दारात उभा राहतो. यादी नाही, चलन नाही, स्टोअरचा माणूस नाही. मजूर दिसेल ते उचलतात. फिमेल सर्जिकलच्या खाटा पीएनसीत, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, पीएनसीचे पाळणे ओपीडीच्या व्हरांड्यात, आणि ड्रेसिंग ट्रॉलीचं एक चाक बायपासवर कुठेतरी. तिकडे स्टोअररूमला कुलूप नाही, कारण कुलपाचं टेंडर वेगळं. पंधरा दिवसांनी पडताळणी करणारे येतात. तेव्हा मात्र यादी असते! तफावत निघते. 'आपणास याद्वारे कळविण्यात येते की, खुलासा सादर करावा, अन्यथा वसुली करण्यात येईल.' वसुली कसली, तर कात्र्यांची! टेम्पो कुणी मागवला? कुलूप कुणी लावलं नाही? त्यांना खुलासा कोण विचारणार? आणि निवृत्तीला आलेल्या सिस्टरची गंमत आणखी वेगळी. स्टॉकचा चार्ज दिल्याशिवाय काही देणं बाकी नसल्याचा ना-देय दाखला नाही, दाखल्याशिवाय पेन्शनची फाईल हलत नाही. जन्मभर नाईट केल्या आणि शेवटी अडकली कशात, तर गंजलेल्या बेडपॅनच्या बेरजेत. बरं, मोडकं सामान फेकून तरी द्यावं? तेही नाही, त्याचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरवरून रीतसर नाव कमी होणं, झालेलं नसतं. म्हणून तीन पायांच्या खाटाही टेम्पोत बसून नव्या इमारतीत आल्या. सिस्टरना पाठ टेकायला म्हणून जी एक खोली मिळणार होती, ती सध्या या खाटांकडे आहे.

असो. पुढची सूचना छोटी आहे. कर्मचारी नेमके कोणत्या खात्याचे, हे शक्यतो ठरवू नका. सार्वजनिक आरोग्यवाले म्हणतात, तुमचं रुग्णालय आम्ही वैद्यकीय शिक्षणाकडे दिलं. वैद्यकीय शिक्षणवाले म्हणतात, इमारत आली, तुमची पदं अजून आलेली नाहीत. पगाराच्या तारखेला दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. रजा मंजूर कोण करणार, बदली इथे होणार की जिल्ह्याबाहेर, सेवाज्येष्ठतेचं काय, हे विचारलं की 'मार्गदर्शन मागवलं आहे'. कंत्राटी आणि बंधपत्रित, म्हणजे बाँडवर लागलेल्या मुलींना तर विचारायचीही सोय नाही.

शिकवण्याच्या रुग्णालयात सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. महाविद्यालयाची पाटी लावताना हा दंडक कुणाला आठवत नाही, ओळखपत्रं आणि साडीचा रंग बदलायचं मात्र बरोबर आठवतं.

मला आता सूचना देता येईनात, सरळच बोलते.

२०२० मध्ये तुम्ही थाळ्या वाजवल्यात, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकलीत. पुढच्याच वर्षी भंडाऱ्यात शिशू कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, आणि गुन्हा नोंदवला परिचारिकांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळला. कक्ष नवाच बांधलेला होता. आधी अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन सिस्टरना. वायरिंग त्यांनी केलं होतं का? २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, तेव्हा खासदारांनी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे तिथल्या डीनच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. अधिष्ठात्यांची ही गत, तर आमचं काय करतील हे आम्हाला कुणी समजावायला नको. नव्या इमारतीत पाऊल टाकताना प्रत्येक सिस्टरच्या मनात हेच असतं, आणि तुम्ही तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगता.

आम्हाला व्याख्याता नको. वॉर्ड चालू होण्याआधी आत नेऊन व्हॉल्व्ह, स्विच आणि बाहेर पडायची वाट दाखवा. स्टॉक स्टोअरच्या माणसानं आमच्यासमोर मोजून द्यावा, तोवर वसुलीची भाषा नको. आमची पदं कुठे आहेत ते लेखी द्या. बाथरूमला कडी लावा. आणि बस द्या! दुपारची ड्यूटी रात्री आठला सुटते, पुढच्या पाळीला ओव्हर देता देता, म्हणजे पेशंट सोपवता सोपवता साडेआठ होतात. शेवटची बस तोवर गेलेली असते, रिक्षावाला रात्री बायपासपलीकडे यायला तयार नसतो. वीस-बावीस वर्षांच्या मुली अनोळखी मोटारसायकलींना हात करून घरी जातात, हे गेटवरच्या कॅमेऱ्यात रोज दिसतं आणि त्या कॅमेऱ्याचा पडदा साहेबांच्या केबिनमध्ये लागलेला आहे. साहेबांच्या गाडीला पहिल्याच दिवशी पत्र्याची शेड मिळाली. बसचा प्रस्ताव विचाराधीन आहे म्हणे. कसला विचार करताय? लाज वाटू द्या जरा.