थंडी एन्जॉय करा म्हणे!

डिसेंबर लागला की नाशिककरांना काय होतं देव जाणे. गंगापूर धरणावरचं धुकं, शेकोटी, हातात वाफाळता चहा, धडाधड स्टेटस. खाली काय, तर "थंडी एन्जॉय करा!" कोणी करायची एन्जॉय? सातच्या शिफ्टला नाशिकरोडहून सिन्नरला बाइकवर जाणाऱ्याने?

पेपरात रोज निफाडचा पारा. तिथल्या द्राक्षवाल्यांची झोप उडते ते समजतं, मणी तडकू नयेत म्हणून बिचारे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण गोधडीत लोळत "आज आठ अंश, मस्त!" म्हणणाऱ्यांचं काय करायचं? आठ अंशांत पन्नासच्या स्पीडने गाडी हाणली की उघड्या कातडीला ते तीन अंशांसारखं लागतं. या, बसा मागे.

आधी तर गाडी चालू व्हायला हवी. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, चोक गेला, ठीक आहे. पण अनेक गाड्यांची किकही काढून टाकली, ती कुणाच्या अकलेने? गारठ्यात बॅटरी मान टाकते आणि सेल्फ नुसता टकटक करतो. मग पहाटे सव्वापाचला सोसायटीत धक्का मारत फिरा, वर गॅलरीतून एखादे काका खेकसतातच.

चेहेडीपर्यंत घरादारांचा आडोसा असतो. दारणेचा पूल आला की संपलं. शिंदे-पळसेच्या पट्ट्यात दोन्हीकडे पाणी भरलेली शेतं, तिथला गारवा पँटमधून थेट गुडघ्यात शिरतो. हेल्मेटची काच खाली घेतली तर श्वासाने धुरकटते, वर केली तर डोळ्यांतून धारा. नाक गळतंय ते कळतही नाही, मफलर ओला लागला की समजतं. मोहदरी घाटात ट्रकमागे क्लच दाबायचा तर बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, पत्ता नाही. इंडिकेटर द्यायला जावं तर हॉर्न वाजतो आणि पुढचा वळून शिव्या घालतो.

सल्ले तर फुकट. "जर्किनच्या आत पेपर घाल." घालतो बाबा, छाती वाचते, हातांना काय पुरवणी गुंडाळू? "जाड हातमोजे घे." घेतले, त्यात ब्रेकचा अंदाजच येत नाही. आणि हे सांगणारे सगळे काच वर करून, हीटर लावून फिरणारे!

"कंपनीची बस नाही का?" आहे ना. फक्त पर्मनंटवाल्यांसाठी. आम्ही कंत्राटी. घाटात ती शेजारून जाते, मागच्या चार-पाच सीटा रिकाम्या, त्यावर लोकांच्या बॅगा. बॅगांना थंडी वाजू नये ना! विचारलं तर म्हणे, "पॉलिसीत बसत नाही." मशीन तेच, माल तोच, कॅन्टीनचा चहाही तोच, फक्त गारठा आमच्या वाट्याला.

गेटवर पोहोचलो की अंगठ्याचं मशीन. बोट गारठून कोरडंठाक, ते काही घेत नाही. फुंकर मार, पँटवर घास, परत लाव, तोवर सात वाजून तीन मिनिटं. लेट मार्क. तीन झाले की अर्धा दिवस कापला. बस उशिरा आली तर मात्र आतल्या सगळ्यांना माफ, कारण बस कंपनीची!