सरकारची यादी, सरकारची मर्जी?

डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याचा आरोप झालेले कोबाड गांधी यांच्या तुरुंगाच्या आठवणींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार महाराष्ट्र सरकारने 'प्रशासकीय कारणास्तव' रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. काहींनी राजीनामे दिले, काहींनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. इथे मनिलात मराठी मंडळी जमली की अजूनही कुणीतरी म्हणतं, "पैसा सरकारचा, मर्जी सरकारची." मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण इथलंच आहे.

फिलिपिन्समध्ये 'राष्ट्रीय कलावंत' हा सर्वोच्च सन्मान १९७२ साली सुरू झाला, तोही फर्दिनांद मार्कोस यांच्या हुकमाने. पहिला मान चित्रकार फर्नांडो आमोर्सोलो यांना, मरणोत्तर. पाच महिन्यांत देशावर लष्करी कायदा आला. म्हणजे सन्मानाचा जन्म काही सोवळा नाही. पण १९७६ मध्ये निक होआकिन यांनी तो स्वीकारताना अट घातली: तुरुंगातल्या कवी-पत्रकार पीट लाकाबांना सोडा. लाकाबा सुटले. पुरस्कार परत करणाऱ्यांबद्दल मला आदर आहेच, पण घेऊन असा वसूल करणारा लेखक विरळाच!

खरी गंमत २००९ ची. निवड करणाऱ्या दोन संस्थांनी चार नावं पाठवली. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांनी त्यातलं संगीतकार रामोन सान्तोस यांचं नाव गाळलं आणि स्वतःची चार घातली. त्यांत कॉमिक्सचे कथालेखक आणि दिग्दर्शक कार्लो कापारास होते, आणि निवडीत सहभागी असलेल्या सांस्कृतिक आयोगाच्याच कार्यकारी संचालिकाही! कलावंतांनी काळे कपडे घालून सुतक पाळलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. कवी विर्हिलियो आल्मारियो, बिएनवेनिदो लुम्बेरा असे स्वतः राष्ट्रीय कलावंत असलेले लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. लुम्बेरांनी तर मार्कोसच्या काळात तुरुंगही पाहिला होता. २०१३ मध्ये निकाल लागला: राष्ट्राध्यक्षांनी शिफारस झालेल्या नावांतूनच निवडावं, बाहेरचं नाव घुसवता येणार नाही. चारही नावं रद्द. त्यांतले वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा यांना पुढे २०१८ मध्ये रीतसर वाटेने तोच सन्मान मिळाला. पात्र माणसाचं काही बिघडलं नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. नाव गाळण्याचा अधिकार निकालानंतरही राहिलाच. २०१४ मध्ये अभिनेत्री नोरा आउनोर यांचं शिफारस झालेलं नाव राष्ट्राध्यक्ष आकिनो यांनी बाजूला ठेवलं. त्यांना वाट पाहावी लागली ती २०२२ पर्यंत.

आणि आपलं दुखणं नेमकं गाळण्याचंच होतं, तेही नाव जाहीर झाल्यावर. त्यामुळे मनिलाचा निकाल जसाच्या तसा मुंबईत चालणार नाही. आपल्याला वेगळा नियम मागावा लागेल: जाहीर झालेलं नाव मागे घ्यायचं तर सरकारने समितीला लेखी कारण द्यावं आणि समितीचं उत्तर त्याच शासन निर्णयात छापावं. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढ्या दोन शब्दांवर समिती घरी पाठवता येत असेल, तर पुढच्या समितीवर बसायला शहाणा माणूस कशाला तयार होईल?