अकरा महिन्यांचे घर

महाराष्ट्रात भाड्याच्या घराविषयी बोलणे निघाले की ते हमखास दोन विषयांवर येऊन थांबते. एक म्हणजे भाडे भरणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय असून तेवढ्याच रकमेत कर्जाचा हप्ता का भरू नये, हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला. आणि दुसरा म्हणजे घर कोणाला नाकारले जाते, हा संताप. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, तेव्हा हा दुसरा विषय काही आठवडे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर होता. दोन्ही वाद खरे आहेत आणि त्यांत बोलणाऱ्यांचे दुःखही खरे आहे. तरी म्युनिकमध्ये भाडेकरू म्हणून राहताना मला सारखे जाणवते, की ज्याला आणखी काही वर्षे भाड्यानेच राहायचे आहे त्याने घर निवडताना नेमके काय पारखावे, हा साधा प्रश्न या दोन्ही वादांच्या गलबल्यात मागे पडतो. माझ्या मते खोल्या, मजला आणि स्टेशनपासूनचे अंतर यांच्या आधी पारखायची गोष्ट म्हणजे मुदत, आणि आपल्याकडे नेमकी तीच न विचारता गृहीत धरली जाते.

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा कशी पडली हे अनेकांना ठाऊक असते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वर्षानुवर्षे चालणारा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक असल्यामुळे देशभर ती अट टाळण्यासाठी वर्षाला एक महिना कमी ठेवण्याची युक्ती रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ घर वापरण्याच्या निव्वळ परवानगीचा, प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही ठेवली. म्हणजे युक्तीचे कारण संपले, आकडा तेवढा राहिला. या आकड्याचा परिणाम भाडेकरूच्या डोळ्यांवर होतो. पुढच्या वर्षी कदाचित सोडायचेच आहे असे मनात असलेला माणूस पाणी किती वाजता येते, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची एवढे विचारतो आणि भिंतीतल्या ओलीकडे पाहत नाही. प्रत्यक्षात तो क्वचितच अकरा महिन्यांत जातो. तो नूतनीकरण करत राहतो, दर वेळी भाडे वाढवून देतो, आणि जेव्हा जावे लागते तेव्हा दलाली, सामानाची ने-आण आणि मुलांच्या शाळेची फरपट हे सारे त्या स्वस्त वाटलेल्या भाड्यावर चढते. करार संपल्यावर राहिल्यास कलम २४ नुसार दुप्पट शुल्काची टांगती तलवार असतेच.

जर्मनीत निवासी भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत असतो. मुदतबंद करार करायचा तर घरमालकाला कायद्याने मान्य केलेले कारण लेखी द्यावे लागते. भाडेकरू तीन महिन्यांच्या सूचनेने केव्हाही जाऊ शकतो. घरमालकाला मात्र घर स्वतःसाठी किंवा कुटुंबीयांसाठी हवे आहे असे काही रास्त कारण दाखवावे लागते, आणि भाडेकरू आठ वर्षांहून अधिक काळ राहिलेला असेल तर सूचनेचा काळ नऊ महिन्यांचा होतो. चालू भाडे वाढवायचे तर ते परिसरातल्या तुलनात्मक भाड्यापर्यंतच, आणि तीन वर्षांत २० टक्क्यांहून अधिक नाही. म्युनिकसारख्या टंचाईच्या शहरांत ही मर्यादा १५ टक्के आहे. अशा हमीवर माणूस घराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. इथे अनेक घरे स्वयंपाकघराशिवाय दिली जातात. नवा आलेला भारतीय दार उघडतो तेव्हा ओट्याच्या जागी भिंतीतून आलेले दोन नळाचे जोड आणि शेगडीसाठीची एक जाड वायर एवढेच त्याला दिसते, सिंकसुद्धा नसते. आपल्याला हा वेडेपणा वाटतो, पण दहा वर्षे राहणारा माणूस स्वतःच्या मापाचा ओटा बसवून घेण्यात काही गैर मानत नाही.

घराचा ताबा घेण्याची पद्धत मला याहून अधिक शिकण्यासारखी वाटते. घरमालक किंवा त्याचा प्रतिनिधी आणि भाडेकरू एकेका खोलीतून फिरतात, खिडकीच्या चौकटीवरचा ओरखडा, न्हाणीघरातली तडकलेली फरशी, किल्ल्यांची संख्या, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे असे सगळे एका कागदावर उतरते आणि दोघे सही करतात. हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बुरशी धरते, आणि ती भिंतीच्या दोषाने की भाडेकरूने खिडक्या न उघडल्याने, यावर अनेक भांडणे होतात. अशा वेळी पहिल्या दिवशीचा तो कागद कामी येतो. २०१५ च्या मार्चमध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असा निवाडा दिला, की घर रंगरंगोटी न करता ताब्यात दिले असेल आणि त्याची योग्य भरपाई दिली नसेल, तर रंगाचा भार भाडेकरूवर टाकणारी कराराची अट अवैध ठरते. साहजिकच, घर घेताना ते कसे होते याची नोंद असणे हेच पैसे वाचवणे ठरते.

इथवर वाचून जर्मनीची आरती चालली आहे असे कोणाला वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ज्याला एकदा आत घेतले की सहजी काढता येत नाही, त्याच्याबद्दलची सगळी खबरदारी घरमालक दारातच घेतो. एका बऱ्या घरासाठी अर्जांचा ढीग पडतो. तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, शूफा या संस्थेचे पतपत्रक, आधीच्या घरमालकाचे थकबाकी नसल्याचे पत्र असा सगळा बाड जुळवून ठेवावा लागतो, आणि तरीही बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही. २००६ पासून वंशाच्या आधारे घर नाकारण्याविरुद्ध कायदा आहे, पण २०१७ साली बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने आणि 'डेअर श्पीगेल' साप्ताहिकाने दहा शहरांत सुमारे २०,००० चौकशा पाठवून पाहिल्या, तेव्हा अरबी आणि तुर्की नावांना घर पाहायला बोलावणी कमी आली, आणि या भेदभावात म्युनिक सर्वांत पुढे होते. इथला कायदा आत असलेल्याचे चांगले रक्षण करतो आणि त्याची किंमत बाहेर उभा असलेला नवखा मोजतो.

आपल्याकडचे घरमालक नेमका हाच युक्तिवाद करतात : भाडेकरूला कायद्याचे इतके अभय असेल तर आम्ही माणूस पारखून घेणारच. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमचे भाडेकरू होण्याच्या, काळात तो खरा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि इमारती डोळ्यांदेखत मोडकळीस आल्या. ही तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयालाही १९९७ मध्ये म्हणावे लागले. परंतु २००० साली नवा कायदा अमलात आल्यानंतर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला ते अभय उरलेले नाही. भीतीचे कारण गेले, दारातली उलटतपासणी मात्र जशीच्या तशी आहे : लग्न झाले आहे का, आडनाव काय, मांसाहार करता का. या प्रश्नांचा भाडे थकण्याशी काय संबंध, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. जर्मनीतला भाडेकरू दारात अपमान सोसतो तेव्हा निदान पुढची वर्षे त्याची असतात. मुंबई-पुण्यातला भाडेकरू तोच अपमान सोसून अकरा महिने मिळवतो. दरम्यान, २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती.

म्हणून घर शोधणाऱ्याने घरमालकाचा हेतू आधी विचारावा असे मला वाटते. घर गुंतवणूक म्हणून घेतलेले आहे की मुलगा पुढच्या वर्षी परतणार आहे. तीन वर्षांचा करार आणि त्यातली वाढ आजच लिहून द्यायची तयारी आहे का. गळती झाली तर खर्च कोणाचा. या प्रश्नांना सरळ उत्तर देणारा मालक आणि थोडे जुने घर, हे गुळमुळीत मालक आणि नव्या घरापेक्षा केव्हाही बरे. मालक परदेशात असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी : अनिवासी मालकाला भाडे देताना ते कितीही कमी असले तरी भाडेकरूला आयकर कापून भरावा लागतो, आणि हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते. जाता जाता हेही नोंदवतो, की इथल्या भाडेकायद्याचे तोंडभर कौतुक करणारे आम्ही परदेशस्थ आपापली पुण्यातली घरे मात्र बिनतक्रार अकरा महिन्यांवरच देतो.

अनामत रकमेचा प्रश्न खरे तर सर्वांत सोपा आहे. जर्मनीत ती भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, तीन हप्त्यांत भरता येते, आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावी लागते. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे. त्याची वाट न पाहताही महाराष्ट्राला एक गोष्ट करता येईल. करार ऑनलाइन नोंदवताना दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतले जातातच. त्याच वेळी घराच्या स्थितीचे एक सहीनिशी परिशिष्ट, छायाचित्रे आणि मीटरच्या आकड्यांसह, जोडणे सक्तीचे करावे, म्हणजे घर सोडताना रंगाच्या आणि डागडुजीच्या नावाखाली अनामत कापून घेण्याआधी मालकाला ते परिशिष्ट उघडून दाखवावे लागेल.